ढेपवालं गाणं

आमच्या गावात सणासुदीचं पहिलं गाणं माझं असतं. मोठेपणा म्हणून नाही, आहे ते सांगून राहिलो. पोळ्याला मारुतीच्या देवळापुढं भोंगा बांधला की आधी माझं एक गाणं, मग देवाचं, मग पोट्ट्यांना काय वाजवायचं ते त्यांनी वाजवावं. पोळ्यापासून दिवाळीपर्यंत हीच रीत. ती पाडली कोणी, असं विचाराल तर मीच पाडली. गावात पहिला टेप माझा होता.

तो टेप कसा आला तेही सांगून टाकतो, कारण आमच्या घरात तो विषय अजून मिटला नाही. जवानीत एकदा संत्र्याची गाडी घेऊन नागपूरला गेलो होतो. निघताना बायकोनं एकच गोष्ट सांगितली होती, भिंतीवर लावायचं घड्याळ आणा. संत्री विकली, घड्याळाच्या दुकानाच्या पायरीवर पाय ठेवला, अन् शेजारच्या दुकानात एक बाई गायला लागली. सिनेमातली नव्हे. तबला नाही, पेटी नाही, नुसतं कोणतंतरी यंत्र टकाटक वाजत होतं आणि ती बाई अशी गात होती, जशी जगात कोणाच्या बापाला भिऊन नाही राहिली. मी पायरीवरचा पाय उचलून शेजारी ठेवला. "हे काय होय?" म्हणून विचारलं. दुकानदार म्हणाला, "पॉप होय भाऊ." मी म्हटलं, "बांधून दे."

घरी आलो. बायकोनं पिशवीतून टेप काढला, उलटा केला, सुलटा केला, आणि विचारलं, "याच्यात किती वाजले ते कुठी दिसते?"

नंतर पोरानं भिंतीवर घड्याळ आणून लावलं, हातात मोबाईल आले, तरी घरात काही बिनसलं की ती एवढंच म्हणते, "घड्याळ आणाले सांगितलं होतं." भाजी करपली तरी तेच. पाहुण्याची गाडी चुकली तरी तेच.

मी तिसरीपर्यंत शिकलो. मराठी वाचतो, हिंदी वाचतो, इंग्रजीचं एक अक्षर ओळखत नाही. म्हणून माझ्या आवडीच्या गाण्यांची खरी नावं मला माहीत नाहीत, आणि त्यामुळं माझं काही अडलंही नाही. जन्मलेल्या वासराच्या कपाळावर नाव लिहिलेलं असतं काय? आपणच ठेवतो. तशी मी गाण्यांची नावं ठेवली. सौंसरच्या बाजारात एक मोबाईलवाला आहे, तो माझ्या कार्डात गाणी भरून देतो. मी जाऊन सांगतो, मागच्या वेळेस दिलं तसलं दे, पण जरा खट्याळ दे. तो बरोबर समजतो. एखादं कोरियाचं निघतं, एखादं कुठलं निघतं ते त्यालाही सांगता येत नाही.

लोक म्हणतात, "बुढ्या, तुले त्यातलं काय समजते?" काहीच नाही. म्हणूनच चांगलं वाटतं. समजलं असतं तर त्यात काही ना काही खोट काढली असती, माझा स्वभाव तसा आहे. आणि दुसरी गोष्ट. भजन देवाचं असतं. सिनेमाचं गाणं हिरोचं असतं, ते ऐकलं की तोच झाडामागून पळताना दिसतो, आपल्याला कोणी विचारत नाही. पॉपच्या गाण्यात आधीपासून कोणी बसलेलं नसतं. जागा रिकामी असते. धोतर सावरून आपण जाऊन बसावं.

तर सणाची माझी गाणी अशी. गणपतीला झांजवालं. त्यात एक परदेशी पोट्टा गातो आणि मागे असं काही खणखणतं, जसं कोणी अंगणात पितळेची परात आपटून राहिलं. गणपती आणताना तेच पाहिजे. नवरात्रात धापवालं. ती पोरगी इतकी घाईघाईनं गाते, की एका ओळीचा श्वास दुसऱ्या ओळीत घेते. आमच्या पोरी दांडिया खेळून दमतात तेव्हा त्यांना पुन्हा उठवायला ते लावावं लागतं. कोजागिरीला दुधाचं. फार धीमं आहे. चुलीवर दूध ठेवलं की लावायचं, आणि ती बाई आवाज चढवते तेव्हाच दूध वर येतं. खोटं वाटत असेल त्यानं कोजागिरीला आमच्याकडं यावं. दिवाळीला फराळवालं. त्याचा ठेका चकलीच्या सोऱ्यासाठीच केलेला आहे, दोन दाब आणि एक वळसा, दोन दाब आणि एक वळसा. बायको म्हणते, तिला माझी गाणी आवडत नाहीत. पण चकल्या पाडताना तिचा हात कोणत्या ठेक्यावर चालतो ते मला दिसतं.

आणि पोळ्याला ढेपवालं. गोंधळ झाला तो याच गाण्यापायी.

हे गाणं मागच्या उन्हाळ्यात मिळालं. सुरुवातीला तीन टाळ्या, मग एक लांब शिट्टी, मग एक पोरगी खुदकन हसते आणि गाणं सुरू होतं. त्या हसण्यावरच मी खलास. उन्हाळाभर संध्याकाळी मी ते गोठ्यात लावायचो. माझी बैलजोडी आहे, एक पांढरा, एक तांबूस. गावात ट्रॅक्टर आले, लोकांनी बैल काढले, मी काढले नाहीत. पोरगा पांढुर्ण्याला नोकरीत आहे, तो आला की म्हणतो, "बाबूजी, आता कायले ठेवता?" मी म्हणतो, तुझा ट्रॅक्टर हाक मारली तर वळून पाहतो काय?

तर संध्याकाळी गाणं लावायचो आणि गाण्याच्या तालावर बैलांपुढं सरकीची ढेप टाकायचो. काही शिकवावं असं मनात नव्हतं. दोन कामं एका वेळेस होत होती, एवढंच. पण जनावर आपल्यापेक्षा हुशार. थोड्याच दिवसांत तीन टाळ्या वाजल्या की दोघांचे कान उभे, शिट्टी झाली की जिभा बाहेर. शेतात चरत असले तरी बांधावरून गाणं लावलं की दोघं मान हलवत गोठ्याकडं. मला मोठं कौतुक. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचो. पण हेच गाणं आपण पोळ्यासाठी निवडून ठेवलं आहे, आणि पोळ्यात हे दोघं असतात, या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून पाहायचं काही सुचलं नाही.

पोळ्याचं तुम्हाला माहीतच असेल. आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकतात, उद्या जेवायला या म्हणून त्यांना आवतण देतात. दुसऱ्या दिवशी न्हाऊ घालून, शिंगं रंगवून, झुली घालून सगळ्या जोड्या देवळापुढं आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली रांगेत उभ्या करतात. मग पूजा, मग झडत्या. कोणीतरी हात वर करून यमक जुळवत चार ओळी म्हणतो, त्यात पटेलाला चिमटा, सरपंचाला चिमटा, आणि शेवटी सगळे मिळून हरहर महादेव. झडत्या संपल्या की मानाची जोडी पुढं होते, तोरण तुटतं, आणि मग बाकीच्यांनी निघायचं.

मानाची जोडी पटेलाची. बापजाद्यापासून. पटेल माझ्याच वयाचा, माझ्याच वर्गात होता, त्याचा गोठा आणि माझा गोठा एका भिंतीला. पण त्यानं बैल विकून ट्रॅक्टर घेतलेला. मान मात्र सोडवेना. मग दर पोळ्याला तो शेजारच्या रामाकोना गावाहून एका दिवसापुरती जोडी किरायानं आणायचा. झूल त्याची, घुंगरं त्याची, बैल दुसऱ्याचे. सगळ्या गावाला माहीत, पण झडतीत कोणी बोलत नव्हतं. मी पण बोललो नव्हतो. निदान भोंग्यात तरी नाही.

भोंगेवाल्याला मी सकाळीच कार्ड दिलं. "पहिलं माहंच लाव," म्हणून बजावलं. तोरण तुटल्यावरचं पहिलं, असा माझा हिशेब. तो गावचाच लाईटचं काम करणारा माणूस, साधा. पूजा झाली, पटेलानं पागोटं सावरलं, झडती म्हणणारा घसा साफ करायला लागला. तेवढ्यात भोंगेवाल्यानं आवाज बरोबर येतो की नाही ते पाहायला पहिलं गाणं लावून पाहिलं.

तीन टाळ्या.

मी ओळखलं. कासरा हाताला गुंडाळला. पण शिट्टी झाली, आणि मग ती पोरगी एवढ्या मोठ्या भोंग्यात हसली, की मलाही क्षणभर कासऱ्याचं भान राहिलं नाही. पांढरा निघाला. तांबूस निघाला. मी मधात, कासरा हातात, पाय अर्धे जमिनीवर. पटेलाच्या किरायाच्या जोडीच्या मधातून घुसून, तोरण शिंगात घेऊन, ते तोरण तसंच मिरवत दोघं गल्लीनं सरळ घरी. मागून झडतीवाला ओरडून राहिला, "अबे थांबव! माही झडती बाकी हाये!"

घरी बायको ओवाळायचं ताट घेऊन दारात उभीच होती. बैल तिच्याकडं न पाहता गोठ्यात शिरले आणि रिकाम्या टोपल्यात तोंड घालून उभे राहिले. तिनं शिंगातलं तोरण पाहिलं, माझं धुळीत भरलेलं पागोटं पाहिलं आणि म्हणाली, "झाला पोळा?"

संध्याकाळी पारावर बोलावणं आलं. चार बुढे बसले होते, मधात पटेल.

"तुह्या बैलाईनं तोरण तोडलं," पटेल म्हणाला.

"माह्या बैलाईले कान हायेत."

"मानाच्या जोडीच्या आधी तोडलं."

"मानाची जोडी आपल्या गावाले जाच्या घाईत होती. म्हटलं तिले उशीर नको."

मागे पोट्टे हसले. पटेलाचे कान लाल झाले. त्याला मी लहानपणापासून ओळखतो, कान लाल झाले की तो निकाल देतो.

"हात जोडून माफी माग," तो म्हणाला. "जोवर मागणार नाई, तोवर तुहं कार्ड गावच्या भोंग्यावर लागणार नाई. गणपतीले नाई, देवीले नाई, दिवाळीले नाई. घरी वाजव काय वाजवाचं ते."

"माफी बैलाईनं मागाची का मी?"

"तू."

"मी तोरण तोडलं नाई. मी तर तोरणाच्या मागं लोंबकळत होतो, साऱ्या गावानं पाहिलं."

एवढं बोलून मी उठलो. मागितली असती माफी तर सगळा मामला तिथंच संपला असता, हे मला तेव्हाही समजत होतं. पण चुकीच्या माणसानं माफी मागावी हे मला पटत नाही, आणि मला न पटलेलं माझ्या तोंडातून निघत नाही. लग्नातसुद्धा मी उखाणा घेतला नव्हता.

गणपती आले. मिरवणूक आमच्या दारावरून गेली. भोंग्यावर देवाचं नाव आणि त्याच्या मागं रुग्णवाहिकेसारखं काहीतरी कोकलत होतं. झांजवालं नाही. मी ओट्यावर बसून होतो. गणपतीकडं पाहिलं तर त्यालाही ते आवडून राहिलं नव्हतं, असं मला वाटलं. नवरात्रात दांडियाच्या पोरी दमून लवकर घरी गेल्या, त्यांच्या आया खूश, पोरी माझ्याकडं येऊन म्हणाल्या, "आबा, माफी मागून टाका नं जी. तुमचं काय जाते?" मी म्हटलं, "माहं जे जाते ते तुमच्या वयात दिसत नाई." कोजागिरीला दूध उतू गेलं. मी सांगत होतोच.

सगळ्यात कठीण घरचं. बायको एक दिवस भाजणी चाळता चाळता म्हणाली, "एकदाचे हात जोडून टाका. दोन हात तर हायेत, त्याले काय खर्च येते?"

"तुले कायची घाई?"

"मले काय घाई राहीन? दिवाळी आली. पाडव्याले मंडपात साऱ्या बाया मिळून चकल्या पाडतात. भोंग्यावर ते तुमचं... ते लागते ना. त्याच्याबिगर चकली वळत नाई साऱ्या बायाइची."

"साऱ्या बायाइची?"

"सोऱ्या फेकून मारीन," ती म्हणाली आणि भाजणी घेऊन आत गेली.

म्हणजे आता माझ्या एका हट्टापायी गावाची दिवाळी बिनचवीची होणार, आणि नुसती बिनचवीची नाही, माझ्याशिवाय होणार. एक सण माझ्या गाण्याबिगर गेला की पुढच्या वर्षी लोकांना सवय होते. रीत अशीच मरते. हे मला रात्रंदिवस टोचत होतं. पण हात काही जुळत नव्हते.

इकडं पटेलाचं काय चाललं होतं तेही ऐका. माझं पारावरचं बोलणं पोट्ट्यांनी उचललं होतं. पटेल गल्लीतून निघाला की कोणीतरी आडून विचारायचं, "काका, जोडी गावाले पोचली काय?" शेवटी तो चिडला आणि पांढुर्ण्याच्या बाजारातून स्वतःची नवी जोडी घेऊन आला. जवान खोंडं, अंगावर माशी बसू न देणारी. त्याच्या गोठ्यात, म्हणजे माझ्या भिंतीच्या पलीकडं, बांधली. मला बरं वाटलं. गावात आणखी दोन बैल आले, त्याचं श्रेय माझ्या जिभेला.

आणि माझं गाणं तर घरी चालूच होतं. "घरी वाजव काय वाजवाचं ते", हे पारावर ठरलेलंच होतं. रोज संध्याकाळी तीन टाळ्या, शिट्टी, हसू, ढेप. भोंग्यावर बंदी आल्यापासून मी आवाज थोडा वाढवला होता, हे खरं. आणि आमच्या गोठ्यात आवाज घुमायचा, म्हणून गाण्याचा डबा उचलून दोन गोठ्यांमधल्या भिंतीच्या भोकाशी ठेवला, हेही खरं. तोंड कोणत्या बाजूला केलं ते विचारू नका. एका बाजूला करावंच लागतं.

आता पलीकडं ढेप टाकायचं काम पटेलीणबाईंचं. त्यांना वेळेचं भान कमी. त्या भिंतीवरून माझ्या बायकोला म्हणाल्या, "बरं झालं वो बाई तुमचं हे गाणं. हे वाजलं की मले समजते, बैलाईची वेळ झाली." बायको माझ्याकडं पाहून राहिली. मी शेपटीवरची माशी हाकलून राहिलो होतो. माझ्या नव्हे, तांबूसाच्या.

दिवाळीचा पाडवा आला. त्या दिवशी आमच्याकडं गायगोधन असतं. देवळापुढं शेणाचं गोधन मांडतात, वर झेंडूची फुलं, दिवा. गोवारी डफड्या वाजवत गावची जनावरं आणतात आणि ती त्या गोधनावरून नेतात. आधी मानाची जोडी, तिच्या मागून बाकीचा कळप. आणि त्या दिवशी जनावरावर काठी उचलायची नाही, शेपटी पिळायची नाही. त्याच्या मनानं गेलं पाहिजे.

पटेल नवी जोडी घेऊन आला. काय थाट! या वेळेस झूल त्याची, घुंगरं त्याची, बैलही त्याचे. छाती अशी काढलेली, की बंडीची बटणं कुरकुरत होती. मी मागे माझी जोडी घेऊन, बायको बाकीच्या बायांबरोबर ताट घेऊन.

खोंडं गोधनापाशी आली, दिवा पाहिला, डफड्या ऐकल्या, तेवढ्यात कोणीतरी फटाक्याची लड लावली, आणि दोघांनी चारही पाय जमिनीत असे रोवले, जसा खांब पुरला. पटेलानं पुचकारलं. कासरा ओढला. पाठ थोपटली. कानात काहीतरी बोलला. एक खोंड तर खालीच बसलं. मागे सगळा कळप तुंबला, गोवाऱ्यांचे हात दुखायला आले, बायांच्या ताटातले दिवे विझायला लागले. मानाची जोडी हलल्याबिगर दुसऱ्याला जाता येत नाही, आणि काठी उचलता येत नाही.

मी मधात पडलो नाही. देवाशप्पथ. फक्त माझ्या पांढऱ्याची मान खाजवत उभा होतो, आणि खिशातला मोबाईल काढून, किती वाजले ते पाहिलं.

पटेलीणबाई गर्दीतून बोलल्या, "अजी, ते गाणं लावा ना बैलाईचं. त्याच्यावरच तर उठतात ते."

"कोणतं गाणं?" पटेल म्हणाला.

"ढेप खातात ते."

पटेलानं भिंत आठवली, भोक आठवलं, आणि सावकाश माझ्याकडं वळून पाहिलं. कान लाल. पण या वेळेस निकाल द्यायला जागा नव्हती.

"लाव बाप्पा," तो म्हणाला.

"काय लावू?"

"तुले माहीत हाये काय लावाचं ते."

"माह्या कार्डाले बंदी हाये. पारावर ठरलं. मी पाराच्या शब्दाबाहेर जात नाई."

"निकाल माह्याच तोंडचा होता. घेतला वापस."

"अन् माफी?"

"नको तुही माफी! गाणं लाव."

कार्ड माझ्या बंडीच्या खिशातच होतं. गणपतीपासून संध्याकाळचं गाणं वाजून झालं की ते तिथंच जायचं. मी ते काढलं, पण दिलं नाही. एवढे दिवस मुकाट बसलेला माणूस इतक्या लवकर देत नाही.

"एक सांग आधी. गाणं कसं हाये?"

"बैलाईले आवडते."

"बैलाईचं नाई विचारलं मी."

मागून बायको म्हणाली, "अजी, पुरे करा आता. ताटातलं तेल सरलं." पण तिचं तोंड पदराआड होतं आणि खांदे हलत होते.

पटेलानं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं आणि ओठातल्या ओठात म्हणाला, "बरं हाये."

"भोंग्यात सांग."

भोंगेवाल्यानं घाबरत घाबरत माईक पुढं केला. मला वाटलं, आता हा माईक माझ्या डोक्यात घालतो. पण पटेलही माझ्याच मातीचा, एकदा ठरवलं की करतो. त्यानं माईक घेतला, दोनदा फुंकर मारली आणि साऱ्या शिवारात ऐकू जाईल असं म्हणाला, "गाणं बरं हाये." मग माईक वापस देता देता, भोंगा चालूच आहे हे विसरून, "शिट्टी जास्तच चांगली हाये," असं म्हणाला.

लोक असे हसले, की दुसरी फटाक्याची लड कोणाला ऐकूच आली नाही.

कार्ड लागलं. तीन टाळ्या. बसलेलं खोंड उठलं. शिट्टी. चारी बैलांचे कान उभे. ती पोरगी हसली आणि पटेलाची जोडी गोधनावरून अशी गेली, की झेंडू दोन्ही बाजूला उडाला. या वेळेस मानानं, आधी. माझी जोडी तिच्या मागून, एका पावलानं मागं, मी मुद्दाम आवरून धरली होती. पण गोधनाच्या पुढं थांबायचं असतं, हे त्या गाण्यात सांगितलेलं नाही. चारी बैल सरळ गल्लीत. कासऱ्याला एकीकडं पटेल, एकीकडं मी. पळता पळता तो ओरडला, "आता हे थांबतीन कुठी?" मी म्हटलं, "टोपल्यापाशी!"

बायका आडरस्त्यानं आमच्या आधी पोचल्या होत्या. टोपली भरलेली होती. भिंतीच्या इकडं दोन, तिकडं दोन, चारी बैल मान खाली घालून ढेप खायला लागले. आम्ही दोघं भिंतीला टेकून धापा टाकत उभे. पटेलाच्या पागोट्यात झेंडू अडकला होता. मी सांगितलं नाही.

बायकोनं चौघांकडं पाहिलं, मग आमच्याकडं पाहिलं. "घड्याळ आणलं असतं," ती म्हणाली, "तर एवढे पळले नसते."

त्या दिवशी मंडपात फराळवालं लागलं. चकल्या कशा झाल्या ते विचारू नका, पटेल स्वतः परात घेऊन बसला होता, आमच्या वाट्याला चुरा आला.

माफी मी अजून मागितली नाही. आणि आता नवीनच कटकट आहे. पटेल म्हणून राहिला, की ज्यानं भोंग्यात गाण्याची तारीफ केली त्याचाही पहिल्या गाण्यावर हक्क आहे, येत्या पोळ्याला पहिलं गाणं तो निवडणार. परवा सौंसरला जाऊन स्वतःचं कार्ड भरून आणलं. भिंतीच्या भोकाशी आणून मला एक गाणं ऐकवलं. गाणारा पोट्टा सारखा रडतो त्यात.

मी हो म्हटलं नाही. नाही पण म्हटलं नाही. म्हटलं, संध्याकाळी ठेव भोकाशी, तोंड इकडं करून. पांढऱ्याला आवडते काय पाहू.